कोणी राहिलंय का?

हे वाचून तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणालात, तर मी भांडणार नाही. मी स्वतः यंत्रं शिकलेली मुलगी. भूत म्हटलं की मला आधी सैल वायर आठवते.

पण हे घडलंय. माझ्यासोबत. चार वेळा.

आणि तेही भर दिवसा, लख्ख उन्हात, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला. चौथ्या वेळी मी जे तीन शब्द बोलले, ते मला अजून झोपू देत नाहीत.

आधी बाबांबद्दल सांगते.

माझे बाबा लिफ्टमन होते. एका सातमजली जुन्या कचेरीत एकोणतीस वर्षं. स्टुलावर बसायचं, जाळीचं दार ओढायचं, लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं. "माझ्याएवढा प्रवास कोणी केला नसेल," म्हणायचे. "फक्त पोचलो कुठेच नाही."

शाळा सुटली की मी थेट त्यांच्या लिफ्टमध्ये जायचे. दार लावायच्या आधी बाबा डोकं बाहेर काढायचे. दारावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि रिकाम्या व्हरांड्यात हाक द्यायचे...

"कोणी राहिलंय का?"

उत्तर द्यायचं काम माझं असायचं. "कोणी नाही, चला!"

मी तसं म्हटल्याशिवाय दार लागायचं नाही. मी रुसलेली असले, की लिफ्ट तिथेच उभी आणि वरच्या मजल्यावरचे साहेब घंटी वाजवून बेजार. मग बाबा माझ्याकडे बघून हसायचे आणि मलाही हसू फुटायचं.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मला इंटर्नशिप मिळाली ती लिफ्टच्याच कंपनीत. घरापासून एका रात्रीच्या प्रवासावरच्या शहरात, दोन महिन्यांसाठी. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, "लिफ्टमनची पोरगी लिफ्टची डॉक्टर होणार."

निघताना त्यांच्या पट्ट्याला एक नवीन भोक पाडलेलं मला दिसलं. मी विचारलं.

"डाएट," बाबा म्हणाले. "तुझ्या आईच्या हातची भेंडी खाऊन दुसरं काय होणार?"

आई नेहमीसारखी चिडली नाही. आत निघून गेली. ते तेव्हाच खटकायला हवं होतं. घरात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

बाबा मला स्टँडपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी खोलीत लोळत पडायचं नाही. उंच जागी जायचं. तिथून काय दिसतं ते मला सांगायचं. माझ्या लिफ्टला एकोणतीस वर्षं खिडकी नव्हती गं."

मी म्हटलं, "सांगेन. दाखवेनच तुम्हाला."

मी शब्द दिला होता. हे लक्षात ठेवा.

तिथे आम्ही चार मुली एका खोलीत राहायचो. विद्यावेतन खोलीभाडं आणि जेवणातच संपायचं. फिरायची हौस दांडगी आणि खिसा फाटका. पण आमचे मिस्त्रीकाका, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात युक्ती सांगितली. शहरातल्या बघण्यासारख्या बऱ्याच ठिकाणच्या लिफ्ट आमच्याच कंपनीच्या होत्या. कंपनीचं ओळखपत्र दाखवलं, की तिकीट न काढता वर सोडायचे.

"फुकट ते पौष्टिक," मिस्त्रीकाका म्हणाले. "फक्त गर्दी व्हायच्या आत जात जा."

एक रविवार काम, एक रविवार सुट्टी. दोन महिन्यांत सुट्टीचे रविवार चार.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लिफ्टमध्ये दाराच्या वर दोन आकडे दिसतात. एक मजल्याचा. दुसरा आत किती वजन चढलंय त्याचा. तो काटा तपासायला शिकाऊ पोरांनाच आत उभं करतात. त्यामुळे माझा आकडा मला पाठ होता. बूट आणि पाठीवरच्या पिशवीसकट त्रेपन्न किलो.

पहिल्या रविवारी मी शहराच्या मधोमध असलेल्या उंच मनोऱ्यावर गेले. लिफ्टमध्ये मी एकटीच होते. बटण दाबलं.

दार मिटायला लागलं... अर्ध्यावर थांबलं... आणि परत उघडलं.

दाराच्या कडेला सेन्सर असतो. मध्ये कोणी आलं, की दार मिटत नाही. मध्ये कोणीच नव्हतं. मी रुमालाने सेन्सर पुसला. पुन्हा बटण दाबलं. या वेळी दार मिटलं.

मी सहज वर बघितलं.

एकशे चौदा.

मी पिशवी खाली ठेवली, परत उचलली. एकशे चौदा. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पण मला का कोण जाणे, थोडं बाजूला सरकून उभं राहावंसं वाटलं.

वर गेल्यावर सगळं विसरले. खाली नदी होती, तिच्यावर एकापुढे एक तीन पूल होते. संध्याकाळी घरी फोन करून बाबांना ते सांगितलं. ते फार बोलले नाहीत. "तिसरा पूल छान होता," एवढंच म्हणाले.

होता? मला वाटलं, चुकून म्हणाले असतील.

सोमवारी मिस्त्रीकाकांना वजनाचं सांगितलं. ते हसले. "काटा म्हातारा झालाय. माझ्यासारखा. पाच-दहा किलो इकडेतिकडे होणारच."

"एकसष्ट किलो इकडेतिकडे?"

त्याच दिवशी त्यांनी मनोऱ्यावर जाऊन काटा तपासला. काटा बरोबर होता.

दुसऱ्या सुट्टीच्या रविवारी संग्रहालयाच्या गच्चीवर गेले. जागा वेगळी, लिफ्ट वेगळी.

दार अर्ध्यावर थांबलं... उघडलं... मग मिटलं.

एकशे दहा.

त्या दिवशी वरून शेकडो छपरं दिसली. एका छपरावर पांढऱ्या चादरी वाळत होत्या आणि एक बाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या उलटत चालली होती. मी बराच वेळ तिच्याकडेच बघत बसले. घरी फोन केला तर दादाने उचलला. "बाबांचा घसा बसलाय. झोपलेत."

माझ्या मनात पाल चुकचुकली. खोटं कशाला बोलू?

तिसरा रविवार. शहराबाहेर एका कड्याला लावलेली लिफ्ट आहे, ती टेकडीच्या माथ्यावर नेते. आदल्या दिवशी माझ्या हातून चुकीचा स्क्रू सैल झाला होता आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली होती. डोळे आधीच भरलेले होते.

एकशे चार.

या वेळी मला भीती वाटली नाही, हे आता सांगितलं तर विश्वास बसेल का? उलट बरं वाटलं. केबिनमध्ये यंत्राच्या तेलाचा वास होता, जुन्या तेलाचा. आता ते तेल कोणी वापरत नाही. बाबांच्या शर्टाला यायचा तो वास.

मी माथ्यावरच्या बाकावर बसून पोटभर रडले. कोणी बघत नव्हतं. घरी कोणाला सांगितलंही नाही.

त्या संध्याकाळी दादाला म्हटलं, "मी दोन दिवस येऊन जाऊ का? बाबांना बघावंसं वाटतंय."

तो म्हणाला, "आता दोनच आठवडे राहिलेत. सर्टिफिकेट घेऊनच ये. बाबाच म्हणालेत तसं."

मागून बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. "तिला सांग, शेवटच्या रविवारी पुन्हा त्या मनोऱ्यावर जा म्हणावं. आपलं घर कुठल्या दिशेला येतं ते मला दाखव."

मला दाखव. सांग नाही म्हणाले.

शेवटच्या रविवारी मी मनोऱ्यावर गेले. आकाश स्वच्छ होतं. लिफ्टमध्ये पुन्हा मी एकटीच.

शहाण्णव.

मी आकड्याकडे बघत राहिले. एकशे चौदा, एकशे दहा, एकशे चार, शहाण्णव. माझे त्रेपन्न तर तेवढेच होते. मग कमी कोणाचं होत होतं?

तरी वर गेले. शब्द दिला होता. कठड्यापाशी उभी राहिले, घराच्या दिशेला हात केला आणि मोठ्याने म्हटलं, "तिकडे, बाबा. त्या डोंगरांच्याही मागे." शेजारच्या एक आजी माझ्याकडे बघून बाजूला सरकल्या.

खाली यायला लिफ्टमध्ये शिरले. मागून कोणी आलं नाही. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

बटण दाबलं. दार मिटेना.

परत दाबलं... मिटेना.

मग दारावर टकटक झाली. दोनदा.

आणि माझ्या अगदी खांद्यापाशी, दमलेल्या, प्रेमळ आवाजात...

"कोणी राहिलंय का?"

मी विचार केलाच नाही हो. लहानपणची सवय. तोंडातून आपसूक निघून गेलं.

"कोणी नाही, चला."

दार मिटलं. आकडा माझ्या डोळ्यांसमोर खाली आला.

त्रेपन्न.

लिफ्ट खाली पोचायच्या आत मला कळलं होतं. दादाचा फोन बारा वाजता आला. तो नुसता रडत होता. मीच म्हटलं, "अकरा वीसला ना?"

तेराव्यानंतर आईने हॉस्पिटलची फाईल माझ्यासमोर ठेवली. पोटाचा आजार होता. मी निघायच्या आधीच कळला होता. पोरीचं शिक्षण अर्धवट राहायला नको म्हणून बाबांनी आईला आणि दादाला शपथ घातली होती. दर पंधरा दिवसांनी, औषध चढवायच्या आधी, त्यांचं वजन करायचे. शनिवारी. शेवटच्या शनिवारी औषध द्यायचंच थांबवलं, पण वजन तेवढं लिहून घेतलं. कागदावर नर्सच्या अक्षरात लिहिलं होतं.

एकसष्ट. सत्तावन्न. एक्कावन्न. त्रेचाळीस.

मी आईला काहीच सांगितलं नव्हतं. तीच सांगू लागली.

"दर दुसऱ्या रविवारी उघड्या डोळ्यांनी झोपायचे गं. हलवलं तरी हलायचे नाहीत. दुपारी जागे झाले की खूश. म्हणायचे, आज तीन पूल बघितले. एकदा म्हणाले, एक बाई चादरी उलटत होती, काय नेटकी होती! आणि एकदा..." आईने फाईल बाजूला सारली. "एकदा म्हणाले, आज पोर वर बसून रडली. मी शेजारीच होतो, पण मला डोळे पुसता येईनात."

मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ओरडून रडले.

"आणि शेवटच्या दिवशी?" मी विचारलं.

"सकाळपासून श्वास जड होता. डॉक्टर म्हणाले, आता कधीही. पण जाईनात. डोळे दाराकडे लागले होते. मग पलंगाच्या दांडीवर बोटाने दोनदा वाजवलं, आणि काहीतरी विचारलं. मला नीट ऐकू आलं नाही." आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "कोणाच्या तरी उत्तराची वाट बघितल्यासारखे थांबले. मग एकदम मान हलवली आणि गेले. कोणी काय उत्तर दिलं असेल गं त्यांना?"

मी तिला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

या गोष्टीला चार वर्षं झाली. मी आता त्याच कामात आहे, दिवसाला पाच-सहा लिफ्ट तपासते. वजनाचा काटा पहिल्यांदा बघते. कायम माझाच आकडा असतो. मिस्त्रीकाका म्हणतात, तू उत्तर दिलंस म्हणून ते सुटले, वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांचं खरंही असेल.

पण मी रुसून गप्प बसले असते तर? लहानपणी बसायचे तशी? मी बोलल्याशिवाय ते दार लावत नसत. मी गाडी पकडून रात्रीपर्यंत घरी पोचले असते. एकदा हात हातात घेता आला असता.

अजूनही एखाद्या लिफ्टचं दार कारण नसताना अर्ध्यावर थांबतं... आणि उघडतं.

मी सेन्सर पुसत नाही. बटण दाबत नाही. श्वास रोखून टकटक ऐकू येते का बघते. आता पुन्हा विचारलं, तर माझं उत्तर तयार आहे.

थांबा ना, बाबा. मी राहिलेय.