एकशेचाळिसावा केस

नेहलला दोन गोष्टी बिलकुल सहन होत नसत, चुकलेली मोजणी आणि टोक वाकलेला ब्रश.

पहिली तिच्या नोकरीची. जालन्यात बियाणं तपासायच्या एका प्रयोगशाळेत ती सात वर्षं होती. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, आठव्या दिवशी कोंब मोजायचे, परत मोजायचे, आणि दोन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहायचं. दुसरी तिच्या रविवारची. सदर बाजारातल्या घरात, वरच्या मजल्यावर खिडकीपाशी, भिंगाचा दिवा लावून ती इंचभर उंचीची माणसं रंगवायची. टेबलावर मांडून खेळायच्या लढाईतली माणसं ती. कुणी भालेवाला, कुणी नगारेवाला, कुणी पाठीवर लाकडाची मोळी घेतलेली म्हातारी. खेळायची तिला हौस नव्हती. रंगवायची मात्र अशी की जेवायला तीन हाका माराव्या लागत.

"खेळायचं न्हाई तर मंग बाव्हल्या कशाला रंगवून राह्यल्या, ताई?" दुर्गाबाई विचारायच्या. दुर्गाबाई नेहलच्या भावाचं बाळ सांभाळायच्या. जिनेंद्रभैया दिवसभर दुकानात, आयुषीभाभी बँकेत, म्हणून तेरा महिन्यांचा अक्षत दिवसभर त्यांच्याच कडेवर, रविवारीसुद्धा. बाळाचे पहिले शब्दही त्यामुळे मराठीच निघाले. एक 'भुआ' तेवढा मारवाडी. भुआ म्हणजे आत्या, म्हणजे नेहल.

"तुम्ही रांगोळी काढता ती काय खेळायला?" नेहल म्हणायची, आणि दुर्गाबाई हसून पदर तोंडाला लावायच्या.

सगळं घोडं पेंड खात होतं ते ब्रशपाशी. तिळाएवढ्या चेहऱ्यावर डोळा काढायचा तर ब्रशचं टोक एका केसावर यायला हवं. नायलॉनचा ब्रश दोन माणसं रंगवून झाली की टोकाशी वळायचा. तोही महागातला, तरी वळायचाच. जाणकार मंडळी एकच सांगत, सेबल घ्या. सेबल म्हणजे मुंगसासारख्या एका जनावराच्या शेपटीचे केस. नेहलने फोनवर तो तीनदा निवडला आणि तीनदा काढून टाकला. घरात कुणी अडवत नव्हतं. पण जिथे पाणी गाळून पितात, सूर्य मावळायच्या आत जेवतात, त्या घरात वाढलेली पोर ती. शेपटी काय ते जनावर आपण होऊन कापून देतं? तिचंच मन धजेना. आणि जानेवारीत पुण्याला स्पर्धा होती. तिथे जायचं आणि नंबर आणायचा, हे तिनं पक्कं केलं होतं.

दसऱ्यानंतर अक्षतचं जावळ काढायचं ठरलं. यांच्यात त्याला जडुला म्हणतात. कुलदेवी तिकडे राजस्थानात. पण पणजोबांनी केदारखेड्यात दुकान टाकलं, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पोराचं जावळ पूर्णा नदीलाच गेलं. रीत ठरलेली. न्हावी वस्तरा चालवणार, भुआ ओढणीचा पदर पसरून केस झेलणार, मग ते कणकेच्या गोळ्यात घालून भुआनंच नदीत सोडायचे. एकही केस जमिनीला लागू द्यायचा नाही, मागे ठेवायचा नाही.

नेहल पुलाखाली पदर पसरून बसली. अक्षत आरडाओरडा करत होता, भाभी खुळखुळा वाजवत होती. पदरात पडलेले ते काळेभोर केस नेहलनं सहज उन्हात धरले, आणि मग डोळ्यांजवळ आणले. प्रत्येक केसाचं टोक निमुळतं होत होत दिसेनासं झालेलं. कारण त्याला कधी कात्री लागलीच नव्हती. मोठ्या माणसाचा केस छाटलेला असतो, बोथट, जावळाचा नाही. महागातल्या ब्रशचं सगळं गुपित हेच तर होतं! आणि इथे ना कुणाचा जीव गेला, ना कुणाला दुखलं.

कणीक मळून यायला दोन मिनिटं होती. तिनं पर्समधलं बियाण्याचं कागदी पाकीट काढलं, एक चिमूट केस आत टाकले. उरलेले गोळ्यात घालून नदीत सोडले, हात जोडले. कुणी पाहिलं नाही. घरी येऊन चिमट्यानं मोजले, दोनदा. एकशेचाळीस. सवयीनं पाकिटावर आकडा लिहिला.

ब्रश तिसऱ्या प्रयत्नात जमला. जुन्या ब्रशची पत्र्याची नळी, रेशमाचा दोरा, थेंबभर गोंद. पाण्यात बुडवून झटकला तर टोक एका केसावर आलं. नेहल एकटीच टाळी वाजवून हसली.

रंगवणाऱ्यांना एक वाईट खोड असते, ब्रश ओठांत धरून टोक करायची. नेहललाही होती. तिनं पहिल्यांदा तो ब्रश ओठांत ओढला, तेव्हा पलीकडच्या खोलीत अक्षत खुदकन हसला. परत ओढला, परत हसला, कुणी गुदगुल्या केल्यासारखा.

"काय हो दुर्गाबाई, काय झालं?"

"काही न्हाई! आपल्याच मनानं हसून राह्यलं. डोकं चोळतंय अन् हसतंय."

नेहलनं मोजलं. अकरा वेळा ब्रश ओठांत, अकरा वेळा हसू. योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. तरी त्या दिवसापासून तिनं टोक ओल्या स्पंजवर करायला सुरुवात केली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

स्पर्धेसाठी तिनं कंदीलवाली घेतली होती. अंगठ्याएवढी म्हातारी, हातात कंदील. कंदिलाचा उजेड तिच्या गालावर, पदरावर, पायाशी पडलाय असा रंगवायचा; नुसत्या रंगानं उजेड पाडायचा. सहा रविवार लागले. शेवटी डोळे काढले, वॉर्निश दिलं, आणि काय सांगावं, दुर्गाबाईंनीसुद्धा दाराशी थबकून म्हटलं, "ही तर बघून राह्यली की हो!"

पुण्यात दुसरा नंबर आला. तिथे शेवटी एक रीत असते, ज्याचं काम आवडलं त्याच्याशी आपला रंगवलेला एक माणूस बदलून घ्यायचा. कल्याण नावाच्या एका इंजिनिअरला कंदीलवाली फार आवडली. त्यानं आपला नगारेवाला दिला, ही नेली. नेहल आनंदात घरी आली.

घरात मात्र भाभी काळजीत होती. जावळ काढून तीन महिने झाले, अक्षतच्या डोक्यावर एक केस उगवला नव्हता. डोकं आपलं तांब्यासारखं गुळगुळीत. डॉक्टर म्हणाले, कुणाला उशीर लागतो.

"तेल लावू लावू माझी बोटं झिजली," दुर्गाबाई म्हणाल्या. "खुंट फुटंना. ताई, जावळ समदं बराबर गेल्तं ना नदीत?"

"गेलं की," नेहल म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, कान तापले.

त्या दुपारी तिनं ब्रश भिंगाखाली धरला. केला तेव्हा केस चौदा मिलिमीटर होते. तिनं लिहून ठेवलं होतं. आता सतरा भरले. दोरा सुटला असेल, गोंद सरकला असेल. पण दोरा जागच्या जागी होता, आणि टोक पहिल्या दिवसाइतकंच निमुळतं. वाढले होते ते बुडातून.

तेव्हाच तिनं तो ब्रश उचलून ठेवायला हवा होता. पण माणूस हातातलं चांगलं हत्यार सोडत नाही. मार्चमधल्या एका रविवारी, भर दुपारी, ती नगारेवाल्याचा फेटा दुरुस्त करत बसली होती. प्रयोगशाळेतून फोन आला, कपाशीच्या नमुन्यांचे आकडे जुळत नव्हते. फोन कानाला लावून ती बाहेरच्या सज्जात गेली. जाताना ब्रश पाण्याच्या पेल्यात टोकावर उभा ठेवून गेली. रंगवणारा हे कधी करत नाही, टोक बिघडतं. ती आकड्यांत गुंतली होती.

दोन मिनिटं झाली असतील.

"ताई! अवो ताई, जल्दी या!"

अक्षत कोरड्या गादीवर होता. त्याला श्वास घेता येत नव्हता. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, हात वर पाणी कापल्यासारखे चाललेले. गुळगुळीत डोक्यावरून पाणी निथळत होतं. उशी भिजली होती, आणि त्या पाण्याला निळी छटा होती.

फेट्याचा निळा.

नेहल बाळाकडे गेली नाही. ती उलटी टेबलाकडे पळाली, पेल्यातला ब्रश उपसला, ओढणीत धरून कोरडा केला.

पलीकडे अक्षतनं मोठा श्वास घेतला आणि टाहो फोडला.

डॉक्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ निघाली. भाभीनं रडून घेतलं, भैयानं देवाला नारळ बोलला. नेहल म्हणजे प्रयोगशाळेत दोनदा मोजल्याशिवाय आकडा न लिहिणारी. हा आकडा दुसऱ्यांदा मोजायचा नव्हता. मनातून ती पार हादरली होती. स्वतःची लाज वाटत होती. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिनं दुर्गाबाईंना खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं.

दुर्गाबाईंनी ब्रशकडे पाहिलं, हात लावला नाही.

"आत्याच्या पदरात पडतंय म्हणून ते आत्याचं नसतंय, ताई," त्या म्हणाल्या. "नदीचं असतंय. आत्या निस्ती पोचवणारी."

"पोचवते. सगळे पोचवते. तुम्ही अक्षतला मांडीवर घ्या, आणि तो जरा जरी कळवळला तर सांगा."

कात्री लावायची नव्हती, गोंद काढायचं औषध केसांना लागू द्यायचं नव्हतं. तिनं पत्र्याची नळी पकडीनं उभी चिरली. दोरा उसवला. एकेक केस चिमट्यानं सोडवून पाकिटात ठेवू लागली, मोजत. चाळिसाव्याला चिमटा जरा जास्त आवळला गेला.

"रडलं!" पलीकडून आवाज आला.

तिनं चिमटा सैल केला. रडणं थांबलं. हाताला कंप येऊ द्यायचा नाही, ती स्वतःला बजावत होती. तीन तास लागले.

एकशे एकोणचाळीस.

तिनं परत मोजले. एकशे एकोणचाळीस. टेबल, फरशी, पेला, स्पंज, ओढणी, सगळं भिंगाखाली घातलं. मग तिसऱ्यांदा मोजले.

पाकिटावर तिच्याच अक्षरात १४० होते.

तरी ती थांबली नाही. त्याच दुपारी दुर्गाबाईंना आणि अक्षतला घेऊन केदारखेड्याला गेली, पुलाखाली उतरून कणकेच्या गोळ्यात एकशे एकोणचाळीस केस घालून नदीत सोडले. "एक राहिलाय," ती पाण्याला म्हणाली. "तोही आणीन."

पंधरा दिवसांत अक्षतच्या डोक्यावर काळी लव आली. भाभीनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. सगळं बरं झालं असंच कुणीही म्हटलं असतं. फक्त तो अधूनमधून टाळूवरच्या एकाच जागी बोट ठेवायचा. एका गुरुवारी तर तिथेच हात दाबून तासभर रडला.

आणि एप्रिल लागला तसा तो एक नवा शब्द बोलू लागला. भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी म्हणायचा, "अंधार."

"अरे राजा, अंधार कुठंय? ऊन हाय की मोप!" दुर्गाबाई त्याला खिडकीशी न्यायच्या. तो उन्हाकडे तोंड करून म्हणायचा, "अंधार."

नेहलनं स्पर्धेतला कंदीलवालीचा फोटो फोनवर उघडला. मोठा केला. आणखी मोठा केला. कंदिलाखाली, गालावर पडलेल्या उजेडात, वॉर्निशच्या आत एक रेघ होती. बुडाशी जाड, पुढे निमुळती होत दिसेनाशी झालेली.

तिनं तिथल्या तिथे कल्याणला फोन लावला आणि गालावरच्या रेघेचं विचारलं.

"हो, केस आहे एक," तो हसत म्हणाला. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवला. आधी आतच होता, आता जरा बाहेर आलाय. मागच्या गुरुवारी पॅकिंग करताना ओढून बघितला मी, निघाला नाही."

"पॅकिंग?"

"सांगितलं नाही का तुम्हाला? आम्ही कॅनडाला चाललोय. सामान गेलं पण. जहाजानं जातंय, दीड-दोन महिने लागतील."

"ती मला परत हवी. तुम्ही म्हणाल ते देते. मी तिकडे यायलासुद्धा तयार आहे."

"अहो, पोचलं की पाठवतो ना! काळजी करू नका, बिलकुल धक्का लागणार नाही तिला. फोममध्ये बसवून डबा टेपनं घट्ट बंद केलाय, वारासुद्धा जायचा नाही आत."

नेहलनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठ दिवस मोजले. दुसऱ्यांदा मोजले. पासपोर्टसाठी काय काय कागद लागतात ते शोधायला बसली.

दुर्गाबाईंनी अक्षतला तिच्याजवळ आणून सोडलं. सज्जाचं दार सताड उघडं होतं, फरशीवर पाय पोळेल इतकं ऊन पसरलं होतं. अक्षत त्या उन्हाच्या मधोमध उभा राहिला. त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, आणि हवेत काहीतरी ढकलत म्हणाला,

"भुआ, झाकण काढ."