एका दिवसाची एकच फाइल

नोंदी फाइलमध्ये कशा साठवाव्यात या विचाराने झोप उडालेली पांढरकवडा तालुक्यात मी एकटीच असेन. शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप बनवत होते. वावरात रेंज नसते, म्हणून लिहिलेलं फोनमध्येच राहायचं आणि घरच्या वायफायमध्ये आल्यावर माझ्या कॉम्प्युटरवर उतरायचं. एका दिवसाची एकच फाइल. आधी पोचेल ती राहायची, मागून येणारी आपोआप टाकली जायची. ही पद्धत मला कधीच पटली नव्हती. त्या दुपारी मी ती बदलली. आता प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल, काहीच टाकलं जाणार नाही.

अ‍ॅप वापरणारे सध्या एकटे बाबा. आमचं वावर जंगलाला लागून, आणि कपाशीच्या पऱ्हाटीत वाघ दिसल्यापासून गावाने धसका घेतलेला. बाबा घरी येईस्तोवर आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू.

बाबा दिवेलागणीला आले. आईने फाटकाला आतून कडी घातली. बाबांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला, हातपाय धुतले आणि खाटेवर टेकले. स्क्रीनवर त्यांची नोंद उतरली. "वेचणी झाली. घरी निघालो."

मी खूश झाले. तेवढ्यात दुसरी फाइल आली.

"पऱ्हाटी हालून राह्यली. वारा नाही."

"बाबा, वाघ होता का वावरात?"

"नाई."

"मग हे कायले लिहिलं?"

"मले नाई आठवत." त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही.

दोन्ही नोंदींची वेळ एकच, फोनही एकच. नवा बदल गंडला असेल म्हणून मी टेबलावरचा फोन बंद केला.

तिसरी फाइल आली. "माह्यासारखाच एक माणूस समोर चाल्ला. हाक मारली. वळला नाई."

बंद फोनमधून नोंद येत नाही. आणि आमचं वायफाय फाटकापलीकडे पोचत नाही. हे दोन्ही मला पक्कं ठाऊक होतं.

चौथी फाइल आली. "फाटकापाशी आलो. खाटेवर कोण बसला?"

फाटक वाजलं.

"अर्पिता, कडी काढ व माय." आवाज बाबांचा. फार दमलेला.

मी उठले.

"बस, बेटा," खाटेवरून बाबा म्हणाले. "जुनीच पद्धत ठेव. तिच्यात बरं होतं."

पद्धत बदलल्याचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. ती भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही.

"आई, बाहेर कोण आहे?"

"वावरातून रोज एकजण घरी येते," ती हळूच म्हणाली. "मले तेवढं पुरते, अर्पिता. ठेव जुनीच."

फाटक पुन्हा वाजलं. खाटेवरचे बाबा माझ्याकडे मायेने पाहत होते, अगदी नेहमीसारखे. यातले माझे कोणते, हे मला कळेना. मला रडू येत होतं.

मी बदल मागे घेतला.

बाहेरचा आवाज "अर्पि" एवढ्यावर थांबला.

आईने तव्यावरची भाकर उलटली आणि तिघांची ताटं घेतली.