पहिला सेल मालकाच्या हातचा

वीरण्णामामांनी ही गोष्ट आम्हाला लातूरला, आमच्या गच्चीवर सांगितली. लाइट गेली होती. मी, तनुजा आणि सुदर्शन, तिघं एकाच सतरंजीवर. मी मुद्दाम मधली जागा धरली होती. मामांचं उदगीरला देगलूर रस्त्यावर स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि समोरच मल्लेशचं गॅरेज.

"ऐकीव न्हाई बरं," मामा म्हणाले. "मल्लेशच्या तोंडचं हाय. आन् सकाळचं तर माझ्या डोळ्यानं बघितलेलं."

सुरुवात अगदी साधी होती. मोंढ्यातले आडत व्यापारी बसवंतअप्पा यांच्या पांढऱ्या फियाटचं इंजिन जाम झालं होतं. दसऱ्याला त्याच गाडीतून मिरवत जायची त्यांची हौस. म्हणून मल्लेशनं नांदेडच्या भंगारातून दुसरं इंजिन आणलं, खोलून साफ केलं, बसवलं. राहिली होती वायरिंग.

"हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल," मामा म्हणाले. "चावी फिरवली की बॅटरीतला करंट कॉइलमधी जातो. तिथनं डिस्ट्रिब्युटरला, तिथनं एकेका प्लगला. ठिणगी पडती, इंजिन चालतं. चावी काढली की करंट तुटला. करंट तुटला की इंजिन मेलं."

"मामा, भीती घालायलात का गॅरेज शिकवायलात?" सुदर्शन हसला.

"हस बाबा. हसून घे."

ही अप्पांची पहिली फियाट नव्हे. पहिली त्यांच्या वडिलांची होती. नऊ वर्षांपूर्वी ती मुदखेडच्या अलीकडे, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर गेली. अप्पा बायकोला, गुरम्माला, भोकरहून माहेरून घेऊन येत होते. ती जिन्यावरून पडली होती. मांडीपर्यंत प्लास्टर, मागच्या सीटवर आडवी झोपवलेली. गाडी नेमकी रुळावर बंद पडली, असं अप्पांनी पोलिसांना सांगितलं. "तू पड, मी माणसं घेऊन आलोच," असं म्हणून ते उतरले. माणसांच्या आधी रेल्वे आली. फियाटचा मागचा अर्धा भाग गेला. पुढचा जवळजवळ शाबूत राहिला. तो भंगारात विकला.

"सगळं पटण्यासारखं हाय," मामा म्हणाले. "फक्त चावी सापडली न्हाई. गाडीत न्हवती, अप्पाजवळ न्हवती. पितळी छल्ला होता तिला, बापाच्या नावाचा. रुळावर, खडीत, लई शोधली लोकांनी. आता तूच सांग तनुजा. गाडी बंद पडली म्हणून मदतीला पळणारा माणूस चावी कशाला काढून नेतो?"

तनुजा माझ्या आणखी जवळ सरकली.

"वर्षाच्या आत अप्पा दुसऱ्यांदा बोहल्यावर चढले."

तर, परवाची खंडेनवमी. वायरिंग दुपारीच संपली. पण गाडीला नवं इंजिन बसवलं की पहिला सेल मालकानं मारायचा, म्हणजे चावी फिरवून इंजिन पहिल्यांदा त्यानंच चालू करायचं, अशी मल्लेशच्या गॅरेजची रीत. मोंढ्यातली पूजा आटपून अप्पा आले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मल्लेशनं पाने, पकड, हातोडी केव्हाच पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं होतं. पूजेला मांडलेलं अवजार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा त्याच्या आजोबांपासूनचा नेम.

अप्पा रेशमी सदऱ्यात, खुशीत. दार उघडून, आत हात घालून त्यांनी नवी चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

"वा रे मल्लेशा! बापाची गाडी अशीच वाजायची."

ते बॉनेटपाशी गेले, मोबाइलचा टॉर्च आत मारला. आणि तसेच वाकून राहिले. कॉइल धरून ठेवणारी पट्टी एका बाजूनं तुटलेली होती. कुणीतरी ती तांब्याच्या तारेनं बांधली होती, वर तीन गाठी मारून.

"ही तार तू बांधली?"

"न्हाई अप्पा, इंजिनाबरोबरच आली. पक्की होती, ऱ्हाऊ दिली. कुणीतरी हौशी मालक असंल."

"कुठली गाडी होती?"

"मुदखेडकडची म्हणं."

अप्पा बॉनेटपासून मागं सरले. "बंद कर."

मल्लेशनं चावी काढली.

इंजिन चालूच.

"बंद कर म्हणलं ना!"

"अप्पा... चावी माझ्या हातात हाय."

त्यानं कॉइलची वायर हातानंच उपटली. बॅटरीला वायर जोडणारी टोपी काढून बाजूला ठेवली. करंट कुठूनच नाही. इंजिन चालूच. संथ. वाट बघत असल्यासारखं.

अप्पा चिडले. घाबरलेला माणूस आधी चिडतो. चौथ्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला की कुठलंही इंजिन गप बसतं. ते दार उघडून आत बसले. दार लागलं.

त्यांनी गिअरला हात लावायच्या आधीच इंजिन बंद पडलं.

शांत.

"झालं की," मल्लेश म्हणाला. "उतरा अप्पा."

आतून कडी हलली. पुन्हा हलली. दार उघडेना. मल्लेशनं बाहेरून ओढलं. दुसरं दार. मागचं दार. काच खाली होईना.

"मल्लेशा, काच फोड!"

हातोडी पाटावर होती. हात लांबवला की लागेल एवढ्यावर. कुंकवानं लाल.

त्याच वेळी अप्पांचं लक्ष आरशाकडे गेलं. मागच्या सीटकडे बघायच्या आरशाकडे. ते ओरडायचे थांबले. हळू आवाजात कुणाला तरी सांगू लागले.

"आलोच होतो ग... अगं, माणसं आणायलाच गेलो होतो..."

थोडं थांबले. ऐकल्यासारखं.

"न्हाई... मी न्हाई काढली..."

पुन्हा थांबले.

"गुरम्मा... पाया पडतो..."

गॅरेजच्या मागं रेल्वे लाइन आहे. त्या वेळेला तिथून कुठलीच गाडी नसते. शिट्टी वाजली. लांबून. मग जवळून. पत्रे थरथरले. पाटावरचे पाने खणखणले.

मग काहीच नाही.

खाली रस्त्यावर कुत्रं भुंकलं आणि मी तनुजाचा दंड इतका घट्ट धरला की तीच ओरडली. मामा हसले नाहीत.

"पण मामा," मी विचारलं, "मल्लेशनं काच का नाही फोडली? नेम होता म्हणून?"

"मीबी त्याला हेच विचारलं. म्हणला, वीरण्णा, हातोडीला हात घातलाच होता. मग अप्पा काय बोलायलेत ते ऐकलं... आन् मला नेम आठवला."

दसरा उजाडल्यावर मल्लेशनं समोर, दुकानामागच्या घरी येऊन मामांना उठवलं. मामा गेले. मल्लेशची नवी चावी खिळ्याला लटकत होती. फियाटचं दार मामांनी एका बोटानं ओढलं. उघडलं.

अप्पा स्टिअरिंगवर ओणवे. अंगावर ओरखडाही नाही. अंग दगडासारखं गार. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं. उजवी मूठ आवळलेली होती. मामांनी एकेक बोट सोडवलं.

पितळी छल्ला. बापाच्या नावाचा. त्यात जुनी चावी.

"हात बर्फासारखा होता पोरांनो," मामा म्हणाले. "पण चावी..."

त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.

"चावी गरम होती. चालू गाडीतनं आत्ताच काढल्यासारखी."