सत्तेचाळीस नंबरची हजेरी

सांगून बघितलं, उपयोग झाला नाही. म्हणून लिहिते. चौथी शिकलेय, अक्षर मोठं आहे माझं, सांभाळून घ्या.

दोन हजार सहाच्या जानेवारीतली गोष्ट. एका सोमवारी मी शेलारहून भिवंडीला निघाले ती क्षितिजाच्या कॉलेजच्या पत्रापायी. आपली मुलगी ऑगस्टपासून गैरहजर आहे, तिला परीक्षेला बसता येणार नाही, पालकांनी भेटावं. तीनदा वाचलं मी. मग पत्र कमरेला खोचलं आणि रिक्षात बसले.

पोरगी रोज साडेनवाला घरातून जाते. डबा मी भरते. संध्याकाळी तिच्या ओढणीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, लॅबमधला गॅस आहे म्हणते. बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग. गैरहजर पोरीच्या बोटांवर डाग कुठून येतात, एवढंच मला त्या लोकांना विचारायचं होतं.

आमच्या घरात सायन्सला गेलेली ती पहिली. बारावीपर्यंत मास्तर इंग्रजी पुस्तक मराठीत समजावून सांगायचे. इथं, एफवायला, सगळं फाडफाड इंग्रजी. पहिले दोन महिने रोज रडली. शेजारी कोणी बसत नाही म्हणायची. गणपतीनंतर रडणं थांबलं, पण आवाजही बारीक होत गेला. भात वाढताना ती पुरे म्हणायची आणि मी वाढतच राहायचे. मला ऐकूच यायचं नाही. तिचा बाप हिरामण म्हणाला, शिकलेल्या पोरी हळू बोलतात, तुझी हाक नदीपलीकडं जाते म्हणून सगळ्यांची जायला पाहिजे का? मला ते पटलं. तिथंच चुकले.

ऑफिसात क्लार्कनं हजेरीपट माझ्यापुढं टाकला. सेहेचाळीस नंबर, क्षितिजा. ऑगस्टपासून ओळभर ए, ए, ए. तेवढी अक्षरं कळतात मला. खालची ओळ सत्तेचाळीस, मृणाली. सगळीकडं पी. एक दिवस चुकलेला नाही.

"ही कोण?" मी विचारलं.

क्लार्कनं चष्मा काढून पुसला. ती अंबाडी गावची, म्हणाला. जुलैत पहिल्याच दिवशी कॉलेजला येताना वाडा रोडवर टेम्पोखाली गेली. एक लेक्चरसुद्धा बसली नाही. तिचा बाप सावळाराम येऊन सांगून गेला होता.

"मग नाव कापलं का न्हाय?"

"मावशी, लेखी अर्ज लागतो. तो त्यानं आणलाच नाही."

पोरीला जाळून आलेल्या बापाकडं हे अर्ज मागतात. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण शेजारच्या टेबलावरची बाई उठून बाहेर गेली. मेलेल्या पोरीची हजेरी कोण लावतं, हे विचारलं तेव्हा हजेरी सर घेतात म्हणाला, लॅबकडं बोट दाखवलं आणि हजेरीपट मिटला.

क्षितिजा लॅबच्या दाराशी उभी होती. तिच्या तोंडाला कान लावला तेव्हा कुठं ऐकू आलं.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात मागच्या पोरींनी तिला सांगितलं होतं, सत्तेचाळीस नंबरवाली दांडी मारतेय, तू बाजूची, तिची प्रॉक्सी मार. एकमेकांची हजेरी लावतात त्याला प्रॉक्सी म्हणतात. ही एकटी पडलेली. कोणीतरी आपल्याशी बोललं यातच खूश झाली आणि 'यस सर' म्हणून बसली.

"मला माहीत नव्हतं गं आई… ती मेलीय म्हणून. तेव्हापासून मी माझ्या नंबराला यस म्हणते, ते सरांना ऐकूच जात नाही. आणि सत्तेचाळीसला मी तोंड मिटून बसते… तरी आवाज येतो. माझाच."

मेलेल्याच्या नावाला ओ द्यायची नाही, हे आमच्याकडं पोर चालायला लागलं की सांगतात. ओ दिली की तो आवाज मेलेल्याचा होतो. मीही सांगितलं होतं. पण हजेरीपटात मेलेली माणसं जिवंत ठेवतात, हे मला तरी कुठं माहीत होतं?

सर आले. अनिमेष सर, कोवळा माणूस. मी म्हटलं, त्या पोरीचं नाव खोडा. ते म्हणाले, ऑफिसकडून लेखी आल्याशिवाय खोडता येत नाही. मान वर न करताच म्हणाले. मी दाराशी उभी राहिले. मला तिथून हलवायची कोणाची छाती नव्हती.

तेवढ्यात अकराचं लोडशेडिंग झालं. आजूबाजूचे कापडाचे सगळे लूम एकदम बंद पडले. भिवंडीत ती खटखट कोणाच्या कानाला जाणवत नाही. जाणवते ती थांबल्यावर. लॅबमध्ये काळोखी आली, आणि नळाचं थेंब थेंब पाणी, आणि तो सडका वास.

"फोर्टी सिक्स."

क्षितिजाचे ओठ हलले. मी चार हातांवर. काही ऐकू आलं नाही. सरांची पेन्सिल खाली टेकली.

"फोर्टी सेव्हन."

तिच्या शेजारचं स्टूल रिकामं होतं. माझ्या पोरीचं तोंड गच्च मिटलेलं… आणि गळ्याची घाटी वर चढत होती, कोणीतरी आतून ढकलल्यासारखी.

मला त्या मेलेल्या पोरीचा राग नव्हता. ती बिचारी पहिल्या दिवसासाठी घरातून निघालेली, अजून हजेरीच देतेय. राग आला तो अर्ज मागणाऱ्यांचा. मान वर न करणाऱ्यांचा. ऑगस्टपासून एक जिवंत पोरगी समोर बसून ओरडतेय आणि हे ए लिहितात. पोरीचा घसा उघडायच्या आत मीच बोलले. माझ्या नदीपलीकडं जाणाऱ्या आवाजात.

"हजर."

"आई, नको…"

क्षितिजाचं ते ओरडणं सगळ्या वर्गानं ऐकलं. सर दचकले. "फोर्टी सिक्स? तू आज आलीस होय?" म्हणाले, आणि ए खोडून पी केला. सत्तेचाळीसपुढंही पी केला.

दुसऱ्या दिवशी मीच सावळारामाच्या नावानं अर्ज लिहिला, अंबाडीला जाऊन त्याचा अंगठा घेतला आणि क्लार्कच्या टेबलावर आपटला. नाव कापलं. क्षितिजा परीक्षेला बसली, पास झाली. आता तिच्या हसण्यानं घर दणाणतं. माझी हाक मात्र उंबऱ्यापलीकडंही जात नाही, समोर उभी राहिले तरी कोणाची नजर माझ्यावर थांबत नाही.

परवा दुपारी जेवताना ती बापाला सांगत होती. एसवायचा नवा हजेरीपट आलाय, सत्तेचाळीस नंबर रिकामा ठेवलाय. सर सेहेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर जातात. पण लूम बंद असले की मधल्या जागी कोणीतरी 'हजर' म्हणतं.

"आवाज कसा हाय?" हिरामणनं विचारलं.

"आईसारखा," ती म्हणाली, आणि घास हातात तसाच धरून इकडंतिकडं बघायला लागली. "बाबा, आई कुठं हाय? कवापासून तिचा आवाज न्हाय."

मी तिच्या ताटात भात वाढत होते.