वरचा थर

भावमुद्रणाचा टोप डोक्यावर चढवताना शर्वाणी साठ्ये एरवी डोळे मिटून घेत असे. आज तिने ते उघडे ठेवले आणि काचेपलीकडे बसलेल्या माणसाकडे रोखून पाहिले.

"तोंड वाकडं करू नकोस," ध्वनिवर्धकातून दिग्दर्शक निशिकांत राजाध्यक्षांचा आवाज आला. "नंदिनी आहेस तू. नंदिनीचं त्याच्यावर प्रेम आहे."

"तसं तुम्ही लिहिलंत. नंदिनीला कोणी विचारलं होतं?"

काचेपलीकडच्या दोन-तीन तंत्रज्ञांनी माना खाली घातल्या. सकाळपासून हेच चालले होते.

गोरेगावच्या टेकडीवर चित्रसंस्थेची ही प्रयोगशाळा होती. निम्मी खोली यंत्रांनी भरलेली, उरलेल्या निम्म्या खोलीत नायिकेच्या मेकअपरूमचा सेट. टोपातले केसासारखे बारीक तंतू अभिनेत्रीच्या मेंदूच्या खोल भागातल्या लहरी टिपत, आणि चित्रपटगृहात खुर्चीच्या पाठीत बसवलेला भावक्षेपक त्याच लहरी प्रेक्षकाच्या मेंदूत उठवी. नायिकेच्या घशात आवंढा आला की हजारो घशांत तोच आवंढा यायचा. भावमुद्रणाशिवाय निघालेला हिंदी चित्रपट आता कोणी तिकीट काढून बघत नसे.

चित्रपटाची कथा कोणालाही ओळखू यावी अशी होती. झोपेच्या गोळ्यांवर जगणारी नामवंत नटी, तिचा विवाहित दिग्दर्शक, आणि तडीस न गेलेले प्रेम. शेवटच्या दृश्यात नंदिनी आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग पुसते आहे. मागे तो येतो, मी घरी परत चाललो आहे म्हणून सांगतो. ती बोलत नाही, फक्त आरशातून त्याच्याकडे बघते. एवढेच. पण त्या बघण्यात सगळे आयुष्य हवे होते, आणि तेच यंत्राच्या पट्टीवर उतरत नव्हते.

"पुन्हा कोमट," डॉक्टर अल्ताफ मुजावर म्हणाले. मिरजेचा हा मेंदूशास्त्रज्ञ बोलायचा कमी, आणि बोलला की समोरच्याची पंचाईत करायचा. "मूळ मुद्रणाच्या निम्म्यालाही पोचत नाही, साहेब."

मूळ मुद्रण म्हटल्यावर शर्वाणीने टोप उतरवला.

दहा-अकरा वर्षांपूर्वी हे यंत्र नवे असताना त्याच्या चाचणीसाठी राजाध्यक्षांनी तिला याच खोलीत बसवले होते. तेव्हा ती त्यांची होती. ते समोर बसून संत्रे सोलत होते. "काही करू नकोस, माझ्याकडे बघ नुसती," एवढेच म्हणाले. ती बघत राहिली. इतके तीव्र मुद्रण त्यानंतर कोणाचेच झाले नाही. पुढे राजाध्यक्ष घरी परतले. तिच्या झोपेच्या गोळ्यांची बातमी वर्तमानपत्रांना त्यांनीच पुरवली, हे तिला फार उशिरा कळले. ती सेटवर कोसळली तेव्हा "या बाईंचं असंच असतं" असे हसत सांगणारा माणूसही तोच होता. मूळ मुद्रण मात्र त्यांच्या तिजोरीत राहिले.

हा चित्रपट तिने त्यासाठीच घेतला होता. शेवटच्या दृश्यात जुन्या मुद्रणाच्या तोडीचे नवे मुद्रण तिने दिले, तर जुने तिच्या स्वाधीन होणार होते. देता आले नाही, तर चित्रपटात जुनेच जाणार होते.

"आज संध्याकाळपर्यंत," राजाध्यक्ष काचेआडून बाहेर येत म्हणाले. "नाही जमलं तर मी जुनं लावतो. मला काय, माझं काम होतंय."

"ते तुमच्या चित्रपटासाठी नव्हतं."

"माझ्यासाठी होतं ना? मग माझंच झालं."

"लोक वडे खात ते अंगावर घेणार. मध्यंतरानंतर पाय पसरून." तिचा आवाज चिरकला. "माझ्या आयुष्यात एक दिवस खरा होता, निशिकांत. तेवढा एक. बाकी सगळं तुम्ही विकून खाल्लंत."

"छान. हाच सूर टेकमध्ये लाव," ते म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

शर्वाणीने डबा उघडला, बंद केला, आणि आईला फोन लावला.

इंदुताई साठ्ये कीर्तनकार होत्या. इचलकरंजीच्या दत्तमंदिरात त्यांचा सप्ताह चालू होता. फोनच्या पडद्यावर आधी छत दिसले, मग नऊवारीचा काठ, मग हसरा चेहरा.

"शरू, जेवलीस का?"

"नाही. आई, मला जमत नाहीये. त्या माणसाकडे प्रेमाने बघायचंय आणि मला त्याचा गळा धरावासा वाटतो."

"अगो, मग धर की. मी काय म्हणतेय, आधी चार घास खा आणि मग धर."

"चेष्टा नको ना गं."

"बरं, नाही करत." इंदुताई मांडी घालून नीट बसल्या. "काल उत्तररंगाला देवाच्या वैऱ्याचं आख्यान लावलं होतं. उठता देव, बसता देव, ताटातल्या भातात देव, तलवारीच्या पात्यात देव. भक्ताला तरी मधूनमधून डुलकी लागते, याला तीही नाही. द्वेषापोटी का होईना, देवाला एक क्षण विसरला नाही, म्हणून तोही तरला. विरोधभक्ती म्हणतात तिला. बायका रडल्या हो काल, त्या राक्षसासाठी रडल्या!"

"मी काय निशिकांतला देव मानू?"

"छे! देव कसला मेला तो. मी तुझं सांगते. तू त्याला सोडलंस असं म्हणतेस, आणि उठता-बसता तोच. तुझी ओढ गेलेली नाही बाळ, नुसती तोंड फिरवून बसलीय. तिच्याशी भांडू नको. काय असेल ते असू दे. आणि त्या डब्यातली गवार संपव."

फोन ठेवल्यावर शर्वाणीने डबा पुन्हा उघडला. मग तिने खरोखरच गवार संपवली आणि डबा घेऊन मुजावरांच्या यंत्रांपाशी गेली.

"डॉक्टर, द्वेष यंत्रात कसा दिसतो?"

मुजावरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कसा म्हणजे?"

"प्रेम आणि द्वेष. पट्टीवर फरक कसा कळतो तुम्हांला?"

"कळत नाही," ते म्हणाले. "मेंदूत खोलवर ज्या जागा प्रेमात पेटतात, त्यातल्या बहुतेक द्वेषातही पेटतात. धडधड, ओढ, समोरच्यावरून नजर न हटणं, सगळं तिथलं. फरक असतो तो वरच्या थरात. प्रेमात तो थर जरा पेंगतो, दोष काढत नाही. द्वेषात टक्क जागा राहून हिशेब करतो. कोणाबद्दल, कशासाठी, चांगलं की वाईट, हे सगळं वरचा थर ठरवतो."

"मग तो वाचा की."

"कायद्याने बंदी आहे. वरच्या थरात विचारही असतात, मॅडम. सुरुवातीला एका नटाच्या मनातलं बायकोबद्दलचं मत सगळ्या थिएटरला समजलं होतं." ते गालात हसले. "तेव्हापासून विचारगाळणी बसवावी लागते. वरचा थर टोपातच गाळला जातो. आम्ही फक्त खालचा जाळ टिपतो."

"आणि प्रेक्षकाला प्रेम कसं कळतं?"

"पडद्यावर बघून. जाळ तुमचा, वरचा थर त्याचा स्वतःचा. चित्र सांगतं की हे प्रेम आहे, गाणं सांगतं की हे प्रेम आहे. त्याचा मेंदू म्हणतो, बरं, प्रेम."

शर्वाणी हळूच म्हणाली, "मी सकाळपासून जाळावर पाणी ओतते आहे. द्वेष दाबून प्रेम आणायला बघते आहे."

"म्हणून कोमट," मुजावर म्हणाले. मग तिचा बेत त्यांच्या लक्षात आला. त्यांनी मागे वळून काचेकडे पाहिले. "मॅडम, हे साहेबांनी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

"विचारतील?"

"एवढ्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. त्यांना वाटतं, त्यांना ठाऊक आहे."

दुपारचा टेक लागला. आरशातल्या नायकाच्या जागी कॅमेरा होता, म्हणून नायकाचे वाक्य कॅमेऱ्याशेजारी उभे राहून कोणीतरी म्हणायचे. ते काम सहायकाचे. पण या दृश्यात नजर कोणाकडे जाणार, हे राजाध्यक्षांना ठाऊक होते, आणि ती जागा त्यांनी सहायकाला दिली नव्हती. कॅमेऱ्याला टेकून, हातांची घडी घालून ते स्वतः उभे राहिले.

"नंदिनी," ते आपल्या जुन्या, मऊ आवाजात म्हणाले, "मैं घर लौट रहा हूँ।"

शर्वाणीने कापूस गालावरून फिरवला आणि आरशातून वर पाहिले.

या वेळी तिने काहीच अडवले नाही. रुग्णालयात गुच्छ घेऊन आलेला त्यांचा ड्रायव्हर तिला दिसला. तापाने फणफणत असताना कडक दिव्यांखाली तेच दृश्य पुन्हापुन्हा करायला लावणारा हा मऊ आवाज तिने ऐकला. सगळ्या वर्षांत या माणसाचा चेहरा एक दिवसही डोळ्यांसमोरून हलला नव्हता, हेही तिने येऊ दिले. तिचे डोळे भरले. हात थांबला. कापूस मांडीवर पडला तरी तिची नजर ढळली नाही.

पट्टीवरची रेघ चढली, आणखी चढली, आणि वरच्या कडेला जाऊन थरथरत राहिली.

"कट," राजाध्यक्ष म्हणाले. ते यंत्राकडे वळले. "मुजावर?"

मुजावरांनी जुनी रेघ नव्या रेघेवर ठेवली. दोन्ही एकमेकींवर अशा बसल्या, की एकच दिसली.

"मेळ लागला, साहेब. पूर्ण."

राजाध्यक्ष शर्वाणीसमोर येऊन उभे राहिले. दृश्य साधल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होताच, पण त्याहून जुना एक आनंदही होता. "बघितलंस? शिव्या देतेस, जगाला माझ्याबद्दल काहीबाही सांगत फिरतेस. पण यंत्र खोटं बोलत नाही. अजून तेच प्रेम आहे. रतीभर कमी झालेलं नाही."

"तो द्वेष होता," शर्वाणी म्हणाली.

ते हसले.

"सांगा त्यांना, डॉक्टर."

मुजावरांनी सांगितले. जाळ, वरचा थर, गाळणी, सगळे; जसे दुपारी सांगितले होते तसेच. राजाध्यक्षांचे हसू एकदम गेले नाही. ते ओठांवर तसेच राहिले, फक्त डोळ्यांनी त्याची साथ सोडली.

"नवीन काहीही असो," ते शेवटी म्हणाले. "जुनं प्रेमच आहे. मी कितीदा लावून बसलोय ते. घरात कोणी नसलं की तेच लावतो. मला कळतं ना काय वाटतं ते!"

"जाळ मॅडमचा," मुजावर म्हणाले. "वरचा थर तुमचाच, साहेब. तुमच्या मनात जे असेल तेच ते होणार."

"म्हणजे?" शर्वाणीने विचारले. उत्तर तिला कळले होते. तिला फक्त ते मोठ्याने ऐकवायचे होते. "म्हणजे इतकी वर्षं हे स्वतःच्याच प्रेमात बसले होते?"

"मूर्खपणा आहे हा! लाव ते. आत्ता लाव."

"साहेब, आज नको. आज तुमचा वरचा थर—"

"लाव म्हणतो ना!"

राजाध्यक्ष चाचणीच्या खुर्चीत बसले. मुजावरांनी जुने मुद्रण लावले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची हुरहूर दिसली. मग कपाळावर एक आठी पडली. नजर समोरच्या शर्वाणीवर गेली, तिच्यावरच खिळली, आणि त्यांचे ओठ पांढरे पडले. पाठीला चटका बसावा तसे ते खुर्चीतून उठले.

"तेव्हापासून?" ते पुटपुटले. "तेव्हापासूनच तुझ्या मनात हे होतं?"

शर्वाणीला त्यांच्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच स्वच्छ कीव आली. खोटे बोलून सूड घेणे आता सोपे होते. तिने खरे सांगितले.

"नाही. त्या दिवशी माझं तुमच्यावर प्रेम होतं. तुम्ही संत्रं सोलत होतात आणि मला वाटत होतं, हे सालीसुद्धा किती हळुवार काढतात! देवाशपथ."

"खोटं."

"खरं आहे, निशिकांत."

"मी आत्ता अनुभवलंय! तुझं बोलणं ऐकू की ते?" त्यांनी यंत्रावर हात आपटला. "मुजावर, पूस हे."

मुजावरांनी शर्वाणीकडे पाहिले. मेळ लागला होता. आता ते मुद्रण तिचे होते.

ज्यासाठी ती या माणसाबरोबर महिनोन्‌महिने एका छताखाली राबली, ते एका चकतीवर समोर फिरत होते. त्यात नुसती धडधड होती. संत्र्याचा वास, ते हळुवार वाटणे, तो खरा दिवस, सगळे गाळणीच्या अलीकडेच राहिले होते. ते तिजोरीत कोणी ठेवू शकले नव्हते, आणि थिएटरातही कोणाला मिळाले नसते.

"पुसा किंवा ठेवा," ती म्हणाली. "माझं त्यात काही नाही."

"पूस!" राजाध्यक्ष ओरडले.

मुजावरांनी कळ दाबली.

शर्वाणी मेकअप उतरवायला आरशापाशी गेली. मागे राजाध्यक्ष मुजावरांच्या जवळ सरकले. मग त्यांनी घसा खाकरला आणि तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, "प्रीमियरला पहिल्या रांगेत मधली खुर्ची माझी असते. तिच्यातला क्षेपक बंद ठेवता येईल?"

"एकाच खुर्चीचा?" मुजावर म्हणाले. "नाही, साहेब. रांगेची रांग एकाच तारेवर असते. बाकीचे प्रेमाने रडत असतील. तुम्ही कसं बसायचं, ते तुमचं तुम्ही बघा."