स्तांका मामीची कायमची प्रत

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्यासमोर घडलंय.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. पितरांचा शनिवार. गाव बल्गेरियातलं त्र्यावना, आणि जागा लाझार मामाचं स्वयंपाकघर. दिवस मावळत होता.

सकाळीच आम्ही कबरस्तानात उकडलेले गहू वाटून, कबरीवर वाइन ओतून आलो होतो. स्तांका मामीला जाऊन महिना झाला होता. चाळीसाव्या दिवसापर्यंत आत्मा घरातच असतो, मग जातो, असं आमच्याकडे मानतात.

मामी लोणच्या-चटण्यांचा ब्लॉग लिहायची. फोटो इतके जड, की पान उघडता उघडत नसे. स्पेनमध्ये कामाला असलेला तिचा मुलगा ओग्न्यान कुरकुरायचा, "आईचं पान उघडेपर्यंत माझी जेवणाची सुट्टी संपते!"

"तू कॉम्प्युटरवाली ना? कर काहीतरी," मामा म्हणाला.

मी ब्लॉगला कॅशिंग प्लगइन जोडलं, पान झटपट उघडायला लावणारं छोटंसं सॉफ्टवेअर.

"हे प्रत्येक पानाची तयार प्रत करून ठेवतं मामा. कुणी आलं की तीच पुढे करतं. मामी सप्टेंबरात मिरच्या भाजून बरण्या भरायची ना? हिवाळ्यात नुसतं झाकण उघडायचं. तसंच."

"हां, असं सांग की!"

प्रत किती दिवस ठेवायची, असं प्लगइनने विचारलं. आता नवीन लिहिणारं होतं कोण? मी निवडलं... 'कायमची'.

मामाने ते वाचलं आणि डोळे पुसले.

ओग्न्यानला पान उघडून बघायला कळवलं. लगेच त्याचा फोन.

"ताई, झटक्यात उघडलं! पण... पहिल्या फोटोत आई कुठून आली?"

पहिला फोटो याच स्वयंपाकघराचा. टेबल, बरण्या, मिरच्या भाजायचं यंत्र. मी पाहिलं. माणूस कुणीच नव्हतं.

मग लक्षात आलं. मी मामीच्या पासवर्डने आत शिरले होते. लिहिणाऱ्याला ताजं पान दिसतं. तयार प्रत मिळते ती पाहुण्यांना.

मी मामाच्या मोबाइलवर ब्लॉग उघडला...

मामी होती. पाठमोरी. मिरच्या सोलत.

पुन्हा उघडला. मान जराशी वळलेली.

पुन्हा... आता गाल दिसला.

तयार प्रत कधी बदलत नसते हो!

खोलीत भाजक्या मिरचीचा वास सुटला. खाली तळघरात... बरणीचं झाकण फिरलं. कर्रर्र.

"आलो गं," म्हणत मामा उठला आणि जिन्याकडे निघाला.

मी त्याची बाही धरली.

"सोड गं. ती बोलावतेय."

"मामा, तिला जाऊ दे! तुलाही घेऊन जाईल ती!"

"मग जाऊ दे की घेऊन."

त्याला एका हाताने धरून मी दुसऱ्या हाताने प्रत पुसायचं बटण दाबलं.

वास गेला. आवाज थांबला. मामा मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. त्याच्यापुढे राजम्याचं सूप ठेवलं, त्याने चमचा उचलला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण एक गोष्ट मी विसरले होते.

प्रत पुसली, की प्लगइन आपणहून नवी करतं.

पुन्हा ओग्न्यानचा फोन. "ताई, आता आईशेजारी बाबापण आहेत. तपकिरी बंडीत. दोघंही पाठमोरे..."

मामा माझ्यासमोर सूप पीत बसला होता. तपकिरी बंडीत.

त्या दिवसापासून मी त्याच्याकडेच राहतेय. चाळीसावा दिवस होऊन गेला, पाद्री आले, पाव वाटून झाला. मामी गेलेली नाही. ती नवी प्रत पुसायला माझा हात धजत नाही. प्रतीतल्या मामाबरोबर हा समोरचाही पुसला गेला तर?

तसा तो बरा आहे. जेवतो, बोलतो. फक्त रोज सकाळी मोबाइल माझ्यापुढे धरून विचारतो,

"बघ गं, आज मी किती वळलोय?"

काल कान दिसत होता.

आज... गाल.