पडद्यावरची मेणबत्ती

हे माझ्याच घरात घडलं. ऐकीव नाही. माझी मुलगी मिलुंका शेजारी बसली होती. आता ती "तसं काही नव्हतंच" म्हणते. पण तेव्हा ती कशी रडली ते मी पाहिलंय.

संत निकोलाचा दिवस. आमच्या घराण्याच्या संताचा सण, स्लावा. होमोल्येच्या डोंगरांवर बर्फ पडलेला, दुपार कलत आलेली. पाहुणे जेवून गेले होते. सणाची मेणबत्ती मी रिवाजाप्रमाणे वाईनच्या थेंबाने विझवली होती. धूर सरळ वर गेला, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. तो ज्याच्याकडे वळतो, ते माणूस वर्षाच्या आत जातं, असं आमच्यात मानतात.

रोसांदाविना ही पहिलीच स्लावा. माझी बायको वसंतात गेली.

मी बश्या गोळा करत होतो. तेवढ्यात कपाटातून आवाज आला...

टिंग. टिंग. टिंग.

रोसांदाच्या खेळाचा सूर.

पाय गेल्यावर ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मिलुंकाने तिला हातात मावणारं खेळाचं यंत्र आणून दिलं होतं. पुस्तकासारखं उघडायचं, आत दोन पडदे. एका ओसाड घरात फिरायचं, कोडी सोडवत एकेक दार उघडायचं. मला अक्षरं उशिरा आली. म्हणून कोडं ती मोठ्याने वाचायची आणि मी चुलीपाशी बसून उत्तर द्यायचो. लांडगा, बकरी आणि नदीचं कोडं मला चटकन सुटलं.

"बकऱ्यांचं सोडून तुम्हाला दुसरं काही कळतं का हो?" ती म्हणाली होती.

एका दाराशी मात्र ती कायमची अडली. तिथे मेणबत्ती जळत होती. त्या यंत्राला ऐकू यायचं. फुंकर मारली की ज्योत विझणार, दार उघडणार.

"मेणबत्ती फुंकायची? हट्! मला काय आईबापांनी वळण लावलं नाही?"

"आई, खेळातली आहे गं ती!"

"असू दे. ज्योत ती ज्योत. ती वाईननेच विझवायची."

ती गेली त्या दिवशी मीच ते यंत्र मिटून कपाटात ठेवलं. पुन्हा हात लावला नाही.

मिलुंकाने ते काढलं. उघडलं...

मेणबत्ती जळत होती.

"बाबा, तुम्ही हे चार्ज करत होता?"

"मला त्याची वायर कुठली तेसुद्धा ठाऊक नाही."

ज्योत डावीकडे वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली.

"त्यावर श्वास सोडू नकोस," मी म्हणालो.

"मी श्वास रोखून धरलाय, बाबा."

मीही रोखला.

ज्योत वाकतच होती... कोणीतरी अगदी जवळ तोंड आणल्यासारखी.

मला भीती वाटली नाही. वाटलं, रोसांदा आली. सणाला घरी आली.

मिलुंका रडू लागली. "अडकलीय हो ती त्या दाराशी. सोडा तिला."

"मी फुंकणार नाही."

"मग तिच्या पद्धतीने सोडा!"

मी करंगळी वाईनमध्ये बुडवली आणि पडद्यावरच्या ज्योतीवर थेंब टेकवला.

चर्र...

ज्योत विझली. खोलीत जळक्या मेणाचा वास पसरला.

पडद्यावर धुराची बारीक रेघ उठली. वर गेली नाही.

मिलुंकाकडे वळली.

मी झटकन यंत्र उलटं फिरवलं, धुराची दिशा माझ्याकडे केली. मी म्हातारा, माझं काय! धूर क्षणभर थांबला...

आणि पुन्हा तिच्याकडे वळला.

मग पडद्यावरचं दार उघडलं. आत नुसता काळोख. यंत्र बंद पडलं ते पडलंच.

दुसऱ्या दिवशी मिलुंका बेलग्रेडला परतली. मी रोज फोन करतो.

"जिवंत आहे, बाबा. जेवलेही. अजून काही?" ती हसते.

मी मनाला समजावतो. रोसांदा आपल्या लेकीचं वाईट कशाला करील?

परवा बोलता बोलता ती वैतागली. "बाबा, फोनमध्ये फुंकू नका हो! कानात गार वारं जातंय."

माझा फोन टेबलावर होता, आवाज मोठा करून ठेवलेला. मी चुलीत लाकडं सारत होतो, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

"मी नाही फुंकत, मिलुंका."

"मग कोण? बघा, परत... बाबा, पुरे ना!"

रोसांदाने जन्मात कधी ज्योतीवर फुंकर मारली नाही.

मग रोसांदा समजून मी ते दार कुणासाठी उघडलं?